हरणाचा वाटा

सर ॲम्ब्रोसच्या हवेलीच्या मागल्या दाराशी रांग लागली होती. खोगीर दुरुस्त करून आणलेल्या नेडच्या पुढ्यातच दोघी बोलत होत्या.

“पोरासाठी आलीस ना, मर्सी?”

“मालकांनी राजाकडे शब्द टाकला तर शुक्रवारची फाशी टळेल म्हणतात.”

“एका हरणापायी फाशी?”

“ओळखू येऊ नये म्हणून तोंडाला काजळी फासली होती गं त्यानं. काजळी फासून शिकार केली की सरळ फाशीच.”

“आणि हा कायदा पार्लमेंटात केला कुणी? ह्याच मालकांनी!”

“हळू बोल, बाई. मागच्या निवडणुकीत त्यांनीच घरोघर हरणाचं मटण वाटलं होतं. माझ्या गिल्बर्टनं तेव्हा पहिल्यांदा खाल्लं. तेव्हापासून त्याचंच नाव काढायचा.”

दार उघडून कारभारी बाहेर आला.

“मालक आज कुणाला भेटणार नाहीत, प्रचाराला निघालेत. पण मतदाराच्या घरचं कुणी रिकाम्या हातानं जाता कामा नये, असा हुकूम आहे. तुझ्या नवऱ्याला मत आहे ना, बाई?”

“आहे.”

“मग हे घेऊन जा. ताजं हरीण आहे. घरात खाणारी माणसं किती?”

“शुक्रवारपर्यंत तिघं.”