खिसा असलेला लंगोट

दवाखान्यात तपासणीसाठी आलेल्या शिलाईवालीला सहावा महिना लागला होता. तिच्या शेजारी एक सासू आणि दिवस भरत आलेली तिची सून बसली होती. सासूच्या मांडीवर दीड वर्षाची नात होती. शिलाईवाली अंगातल्या नवऱ्याच्या शर्टाचं बटण चाचपत ऐकत होती.

“भिजवलं बघ मला. डायपर घातलं असतंस तर?”

“अहो आई, त्यानं तिला पुरळ येतं. आपले सुती लंगोटच बरे.”

“आणि धुऊन धुऊन तुझी कंबर मोडते, त्याचं काय? आता दुसरंही येतंय.”

“त्यालाही सुतीच वापरणार. थोडे शिवायला टाकते.”

“नको टाकूस. पिशवीत बारा आहेत. मीच शिवलेत.”

“तुम्ही? बघू. याला खिसा कसा काय?”

“उसवायचा राहिला.”

“आई, हा बाबांचा शर्ट आहे. ते गेल्यापासून त्यांच्या कपाटाला कुणाला हात लावू देत नाही तुम्ही.”

शिलाईवालीचा हात बटणावरच थांबला.

“मोठीनं भिजवलं की दिवसभर तोच शर्ट घालून मिरवायचे ते. मग धाकट्यानं काय घोडं मारलंय?”