सर्वांत गोल गोळी

(इंग्लंड, १६४५. राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध चालू आहे. राजाच्या बाजूच्या लॉर्ड थॉर्नेक यांच्या घराला पार्लमेंटच्या फौजेनं वेढा घातला आहे. घराखालच्या दफनघरात त्यांचा म्हातारा शिकारी हम्फ्री आणि त्यांची तेरा वर्षांची मुलगी लेटिस शेगडीपाशी बसले आहेत.)

हम्फ्री : घाई नको, लेटिसबाई. शिसं साच्याच्या कडेकडेनं जाऊ द्या. मधोमध ओतलंत की आत हवा राहते, गोळी पोकळ निघते. पोकळ गोळी वाकडी जाते.

लेटिस : आता?

हम्फ्री : दहापर्यंत मोजा. उघडा साचा. गोळीचं शेपूट छाटा. हां, बरी आहे.

लेटिस : नुसती बरी?

हम्फ्री : कालच्यासारखी नाही.

लेटिस : कालची अगदी गोल होती. तुम्हीच खिशात टाकलीत. काढा ना, शेजारी ठेवून बघते.

हम्फ्री : ती खर्च झाली.

लेटिस : कुणावर?

हम्फ्री : पळी भरा. शिसं निवतंय.

लेटिस : भरते. पण तळ दिसायला लागलाय. हे शिसं कुणाचं?

हम्फ्री : तुमच्या पणजोबांचं. छपराचं संपलं, खिडक्यांचं संपलं, मग त्यांच्या शवपेटीवरचं सोललं. आतली लाकडी पेटी तशीच आहे, काळजी नको. पोट एवढं होतं त्यांचं की तीनशे गोळ्या निघाल्या.

लेटिस : हसवू नका, हात हलतो. हम्फ्रीकाका, सकाळपासून तोफा गप्प का आहेत?

हम्फ्री : त्यांनाही जेवायला लागतं.

लेटिस : तीन दिवस जेवले नव्हते का? नुसता घण घातल्यासारखा आवाज.

हम्फ्री : जाड दगड तसाच बोलतो. दरवाजाचा बुरुज आहे तो. पातळ भिंत असली की आधी तडकल्यासारखं ऐकू येतं, मग धाडकन. कान तयार ठेवा, डोळ्यांच्या आधी कळतं.

लेटिस : मार्जरीला नाही कळलं. बुरुजावर शिपायांना रस्सा वाढत होती. डोकंच गेलं, पण हातातली पळी सुटली नव्हती.

हम्फ्री : तुम्ही बघितलंत?

लेटिस : फरशी मीच धुतली.

हम्फ्री : थांबा, सरकार येतायत. अरे पोरांनो, खुर्ची सरळ धरा जरा. पायाचं हाड बाहेर आलंय त्यांचं.

लॉर्ड : ठेवा खुर्ची इथं, आणि तुम्ही दोघं शिपाई वर जा. किती शिल्लक, हम्फ्री?

हम्फ्री : चाळीस, सरकार.

लॉर्ड : बंदुका वीस. म्हणजे दोन बार. ती कडेची पेटी उघड.

लेटिस : ती आईची आहे.

लॉर्ड : ठाऊक आहे मला.

लेटिस : पणजोबांना मी पाहिलंही नव्हतं. आईचे केस मी विंचरलेत, शेवटचे. तिला हात लावायचा नाही.

लॉर्ड : नीट ऐक. त्यांचा कर्णेवाला दोनदा आला, शरण या म्हणाला. दोनदा मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा तर त्याचा घोडा पाडला. आता ते आत शिरले की एकालाही जिवंत सोडणार नाहीत. लढाईचा नियमच आहे तो. मीही पाळलाय. मागच्या उन्हाळ्यात सत्तर माणसं एका अंगणात उभी केली होती मी. तुझी आई मेलीय, लेटिस. तू अजून जिवंत आहेस.

लेटिस : मग आताच शरण जाऊ. तिकडे राल्फदादा आहे.

लॉर्ड : त्याचं नाव या घरात घ्यायचं नाही. बापाच्या दारावर तोफ रोखणारा मुलगा.

लेटिस : तोफा तोच लावतो?

लॉर्ड : दुर्बिणीतून पाहिलंय मी. कमरेला पिवळा पट्टा. प्रत्येक तोफेमागं वाकून स्वतः नेम धरतो, मगच बत्ती देऊ देतो.

लेटिस : मग दूधघराची भिंत अजून उभी कशी, बाबा?

लॉर्ड : तिचं काय?

लेटिस : सांगा, हम्फ्रीकाका.

हम्फ्री : जुनी गोष्ट आहे, सरकार. दादासाहेब चौदाचे होते. चाबकानं पाठ फोडून तुम्ही त्यांना दूधघरात कोंडलंत. ते मागच्या भिंतीतून वाट काढून पळाले. मी रानातून परत आणले, आणि तुम्हाला कळायच्या आत भोक बुजवलं. एकाच विटेची जाडी आहे तिथं. वरून वेल सोडली.

लेटिस : हातानं ढकलली तरी हलते. दादाला एक गोळा पुरला असता. त्यानं साठ घातले, आणि सगळे बुरुजावर. अख्ख्या घरात जाड तेवढी तीच जागा.

लॉर्ड : मार्जरी त्याच बुरुजावर मेली.

लेटिस : मेली. तो तोफ डागतोय, फुलं उधळत नाहीये. पण आपण बाकीचे तीस जण आहोत अजून. तो वेळ काढतोय, बाबा. तुम्ही हो म्हणावं म्हणून.

लॉर्ड : हम्फ्री.

हम्फ्री : सरकार.

लॉर्ड : आज पहाटे मी तुला काय सांगितलं होतं?

हम्फ्री : बुरुजावर जा आणि पिवळ्या पट्ट्याचा माणूस पाड.

लॉर्ड : अंतर फार होतं.

हम्फ्री : होतं.

लॉर्ड : वाराही होता.

हम्फ्री : होता, सरकार. म्हणून तर गोळी निवडून घेतली.

लेटिस : माझी.

हम्फ्री : तुमची. गळ्याखाली लागली. आधी गुडघ्यांवर बसले, टोपी काढून शेजारी ठेवली, मग तोंडावर पडले.

लॉर्ड : इतका वेळ मला सांगितलं नाहीस.

हम्फ्री : तुम्ही विचारलं नाहीत, सरकार.

लेटिस : आणि मला इथं बसवून गोळ्या ओतायला शिकवत होतात.

हम्फ्री : त्यांनाही इथंच शिकवलं होतं, बाई. याच साच्यावर. मला दुसरं काही येत नाही.

लेटिस : ऐकलंत?

हम्फ्री : ऐकलं.

लेटिस : आधी तडकलं, मग धाडकन.

लॉर्ड : कुठं लागला गोळा?

हम्फ्री : दूधघराच्या अंगाला. जरा डावीकडे. तोफेवर नवा गोलंदाज आहे, सरकार. नवा माणूस चहूकडे मारून बघतो.

लॉर्ड : लेटिस, माझा पांढरा सदरा फाड आणि काठीला बांध.

लेटिस : रक्त नसलेला तुकडा हातभरच निघेल.

लॉर्ड : तेवढाच बांध.

लेटिस : दोनदा नाही म्हटलेल्या माणसाचं तिसऱ्यांदा कुणी ऐकतं का, बाबा?

लॉर्ड : राल्फनं ऐकलं असतं.