उलटी पुरायची बाटली

व्हर्लीन : ...दारावरची पाटी वाचली ना? व्हर्लीनचं दारूचं दुकान बंद होतंय, सगळ्यावर चाळीस टक्के सूट. फळ्यांवर, छताच्या पंख्यावर, मी बसलेय त्या स्टुलावरसुद्धा. फक्त मी विकाऊ नाही. पण तुम्ही तिथे खाली जमिनीवर काय करताय?

वेंडेल : काही नाही, व्हर्लीनबाई. बुटाची नाडी बांधतोय.

कोरीन : बाबा, तुझ्या बुटाला नाडी नाहीये.

व्हर्लीन : असू दे गं पोरी. सकाळपासून अकरावे आहेत हे. सगळ्यांच्या नाड्या माझ्याच दुकानात सुटतात, त्याही खालच्या फळीसमोर. आमच्या फादरना सांगणार आहे, चर्चच्या बाकांखाली जुन्या बाटल्या ठेवा. रविवारी गुडघे टेकायला रांग लागेल.

कोरीन : आम्हाला एकच बाटली हवीय. पुरायला.

व्हर्लीन : अगं बाई! लग्न तुझं? कधी?

कोरीन : एलीशी, चौदा जूनला. आज बरोबर एक महिना. म्हणजे आज संध्याकाळच्या आत ती मांडवाच्या जागी जमिनीत जायला हवी. सीलबंद, उलटी.

व्हर्लीन : मग पाऊस येत नाही.

कोरीन : असं म्हणतात. मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते. या जिल्ह्याच्या तीस वर्षांच्या जून महिन्यांचा पाऊस मला तोंडपाठ आहे. तीन दिवसांआड एक दिवस पडतो, बाटली पुरा नाहीतर तोफ पुरा.

व्हर्लीन : तरी पुरतेयस.

कोरीन : मी सहा वर्षांची असताना बाबानं कबूल केलं होतं. तुझ्या लग्नाची बाटली मी देणार म्हणून. आजवर त्यानं दारूबद्दल दिलेलं हे एकच वचन अजून मोडायचं राहिलंय.

व्हर्लीन : घरात नव्हती का एखादी?

कोरीन : तळघरात तीनशे बारा आहेत.

वेंडेल : तीनशे चौदा, कोरीन. आणि त्या संग्रहातल्या आहेत. संग्रहातली बाटली मातीत घालतं का कुणी? मातीत घालायला बंद होणाऱ्या दुकानातली बरी. ही बघ, पीचच्या स्वादाची व्हिस्की. सूट जाऊन चार डॉलर ऐंशी सेंट.

कोरीन : पीच.

वेंडेल : सीलबंद आहे.

व्हर्लीन : बोर्बन लागते हो त्याला, साधी मक्याची व्हिस्की. पीच पुरलीत तर पाऊस येईलच, वर मुंग्याही येतील.

कोरीन : बघितलंत? मी पदवीधर झाले तेव्हा म्हणाला, एक खास उघडू. नाही उघडली. मला नोकरी लागली, नाही उघडली. एकदा आईनं नाताळच्या केकमध्ये घालायला एक उघडली, तर आठ दिवस आमच्याशी बोलला नाही.

वेंडेल : एकोणीसशे एकोणसत्तरची होती ती!

कोरीन : केक चांगला झाला होता.

व्हर्लीन : असेल, असेल. बरं, हातात काय काय गोळा केलंत तुम्ही? आणा इकडे.

वेंडेल : किरकोळच आहे. ही पीच. ही पुदिन्याची रम. ही निळी कसलीशी. एक झाकण काढायचं ओपनर. आणि... ही एक धुळकट.

व्हर्लीन : ही एक धुळकट.

वेंडेल : केक-बिकमध्ये घालायला होईल. सगळं एकदमच बांधा ना पिशवीत, एकेक बघत बसायची गरज नाही.

व्हर्लीन : पुदिन्याची रम पिता तुम्ही?

वेंडेल : कधीमधी.

व्हर्लीन : गेल्या सात वर्षांत ती कुणी कधीमधीही प्यायलेली नाही. आणि ही धुळकट फळीवरून काढलीत, तेव्हा आधी उलटी केलीत. बूड बघितलंत, अंगठ्यानं पुसलंत. मग सुलटी करून गळ्यापाशी डोळा लावलात, किती उडून गेलीय ते बघायला. केकमध्ये घालणारा माणूस बाटलीचं बूड बघत नाही, वेंडेल.

वेंडेल : माझं नाव कसं कळलं तुम्हाला?

व्हर्लीन : टोपीवर आहे. आणि ज्यांच्या टोपीवर नाव असतं, त्यांच्या तळघरात तीनशे चौदा असतातच.

कोरीन : बुडावर काय असतं?

व्हर्लीन : काच ओतली त्या वर्षाचे दोन आकडे. सांगा मुलीला, किती आहेत?

वेंडेल : ...चौऱ्याहत्तर.

कोरीन : आणि गळ्यावरची ही हिरवी पट्टी?

वेंडेल : करखात्याची. ती झाकणावरून जाते, झाकण फिरवलं की फाटते. पुढे बंदच झाली ती पद्धत. वाच, सदुसष्टच्या पानगळीत गाळलेली, चौऱ्याहत्तरच्या वसंतात बाटलीत भरलेली. ओल्ड टॉलिव्हर बोर्बन! कारखाना पडून तिथे आता टायरचं गोदाम आहे. आणि हा स्टिकर बघ, सहा डॉलर एकोणपन्नास सेंट, जांभळी शाई, मूळचा, त्या काळातला. गेली पन्नास वर्षं कुणी हातसुद्धा—

व्हर्लीन : स्टिकर मी लावलाय. गेल्या सोमवारी.

वेंडेल : काय?

व्हर्लीन : जुनं यंत्र आहे माझ्याकडे. तेही चाळीस टक्क्यांत.

वेंडेल : आणि धूळ?

व्हर्लीन : धूळ अस्सल आहे. ती आमच्याकडे कायम फुकट.

कोरीन : बाबा, तोंड मिट.

वेंडेल : व्हर्लीनबाई, मी सरळ बोलतो. तीनशे डॉलर देतो. रोख, आत्ता.

व्हर्लीन : अरेच्चा! म्हणजे केकची बाटली तीनशेची निघाली. सकाळच्या दहाजणांनी सांगितलं नाही मला. एकानं तर आठ डॉलर देऊन वर 'सुट्टे राहू द्या' म्हटलं. केवढं मोठं मन.

वेंडेल : मग त्याला का नाही दिलीत?

व्हर्लीन : सांगितलं, बाजूला काढलेली आहे. तो गेल्यावर परत फळीवर ठेवली, स्नॅप्सच्या गोड दारूच्या बाटल्यांमागे, थोडी दिसेल अशी. दहाच्या दहाजणांनी तिला उलटी केली, फोनवर फोटो काढला—

कोरीन : चव कशी आहे हिची?

व्हर्लीन : ...पुन्हा बोल.

कोरीन : चव. तुम्ही प्यायलायत ना? सात वर्षं लाकडी पिंपात होती, पण पुढची पन्नास काचेत. काचेत व्हिस्की मुरत नाही. म्हणजे ती चौऱ्याहत्तरला जशी होती, साधारण तशीच असायला हवी. कशी होती?

व्हर्लीन : आजचं अकरावं गिऱ्हाईक, आणि बाराव्या तोंडानं विचारलं. जळक्या साखरेसारखी, पोरी. मागून थोडी तंबाखूच्या कोठारासारखी. घशात उतरताना चावते, मग सॉरी म्हणते. माझा होबर्ट होता त्या कारखान्यात, पट्ट्या चिकटवायच्या टेबलावर. आमच्या लग्नाला अख्खी पेटी आणली त्यानं. त्यातली ही शेवटची.

वेंडेल : आणि ही तुम्ही विकायला काढलीत?

व्हर्लीन : संधिवात आहे. झाकण फिरत नाही.

वेंडेल : झाकण फिरवून देणारं कुणी भेटलं असतं की.

व्हर्लीन : हो. भेटलं असतं. चार वर्षं झाली होबर्टला जाऊन. कोरीन ना तू? तुला देते. तुलाच, ह्यांना नाही. सहा एकोणपन्नासवर चाळीस टक्के सूट.

कोरीन : तीन डॉलर एकोणनव्वद सेंट.

व्हर्लीन : पण अट आहे. हीच पुरायची, आजच. आणि लग्नाच्या दिवशी उकरून उघडायची. ह्यांनी.

वेंडेल : पुरायची? अहो, लेबल कुजेल!

व्हर्लीन : कुजेल.

वेंडेल : झाकणातलं पुठ्ठ्याचं अस्तर पन्नास वर्षांचं आहे. महिनाभर उलटी राहिली तर गळणार. निदान दोन बोटं जाईल.

कोरीन : जाऊ दे. गांडुळांनाही आमंत्रण.

वेंडेल : प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून?

व्हर्लीन : आणि पावसाला कळायचं कसं?

वेंडेल : कोरीन, ऐक. पीच राहू दे. तिथे वर ताजी चांगली बोर्बन आहे, सूट जाऊन सव्वीस डॉलर. ती पुरू. मी मुद्दाम महागातली घेतो, बघ. आणि ही घरी नेऊ. हिच्यासाठी मधली फळी रिकामी करतो. तुझ्या नावाची चिठ्ठी लावतो. ही तुझीच. कायमची.

कोरीन : आणि उघडायची कधी?

वेंडेल : एखाद्या खास दिवशी.

(छताचा पंखा कुरकुरत फिरतो आहे. त्यावरही चाळीस टक्के सूट लिहिलेली चिठ्ठी लटकते आहे.)

कोरीन : हे चार डॉलर घ्या, व्हर्लीनबाई. बाबा, तू घरी गेलास तरी चालेल. एलीच्या काकांच्या कोठारापर्यंत, मांडवाच्या जागी, मी बसनं जाईन. खड्डा मीच खणते.

वेंडेल : तिकडे बस जात नाही.

कोरीन : मग चालत जाईन.

वेंडेल : ...व्हर्लीनबाई, तुमच्या लग्नाला पुरली होती का?

व्हर्लीन : ह्याच पेटीतली. एक महिना आधी, बरोबर मोजून.

वेंडेल : आणि पाऊस?

व्हर्लीन : धो धो. फादरच्या झग्यातून पाणी गळत होतं. केकचा वरचा मजला खालच्या मजल्यात गेला.

वेंडेल : मग उपयोग काय झाला पुरून?

व्हर्लीन : चाळीस माणसं तीन तास कोठारात अडकली. उकरलेली बाटली आत होती. माझे वडील आणि होबर्टचे वडील सहा वर्षांनी एकमेकांशी बोलले. झाकण होबर्टनं फिरवलं. पट्टी त्यानंच चिकटवली होती, त्यानंच फाडली. त्याला अजिबात वाईट वाटलं नाही हो, वेंडेल. मी बघत होते.

वेंडेल : मला वाटेल.

कोरीन : माहितेय.

वेंडेल : खूप वाटेल. आधीच सांगून ठेवतो. त्या दिवशी तोंड पाडलं तर फोटोवाल्याला सांग, लग्नामुळे नाही.

कोरीन : सांगते.

वेंडेल : आण ती इकडे. अशी नाही, गळ्याला धरू नकोस, पट्टी... बरं, धर. कशीही धर. व्हर्लीनबाई, हे पीच, पुदिना आणि ते निळं परत घ्या.

व्हर्लीन : विकलेला माल परत घेत नाही.

वेंडेल : अजून पैसे कुठे दिलेत?

व्हर्लीन : वाटलं, प्रयत्न करून बघावा. सात वर्षं झाली हो.

वेंडेल : फावडं आणलं नाहीये मी. पीचच्या बाटलीला फावडं लागेल असं वाटलं नव्हतं. तुमच्याकडे आहे?

व्हर्लीन : मागच्या दाराशी आहे. होबर्टचं.

वेंडेल : चाळीस टक्क्यांत?

व्हर्लीन : ते विकायचं नाही. काम झालं की परत आणून द्या.

कोरीन : आज कसं देणार? बाटली उकरायलाही लागेल ना. चौदा जूनला तुम्हीच या आणि घेऊन जा.

व्हर्लीन : मला कुणाच्या लग्नाला जायला आवडत नाही. संधिवात आहे. आणि पाऊस असेल.

कोरीन : असेल. तीन दिवसांआड एक.

व्हर्लीन : ...किती वाजता?