सुभेदारसाहेब झोपलेत

— नाही नाही, मेलेले नाहीत गं, झोपलेत! सगळे आधी तेच म्हणतात. शेजारच्या मिसेस ढिल्लों तर दारातूनच ओरडल्या, ‘नैना जी, ये तो गए, फेंको जी फेंको’ — आणि खरंच उचलायला निघाल्या, मी मध्ये आडवी झाले म्हणून वाचले बिचारे. तू बस ना, अशी लांबून काय बघतेस — अगं-तुगं केलेलं चालतंय ना? आमच्या लेकीपेक्षा, इरापेक्षा, थोडीच मोठी असशील. यामिनी ना तू? हां. तर ह्या तीन कुंड्या. पान एक नाही, मान्य. नुसते सुरकुतलेले कांदे, टोकाला काटे, तेही मान्य. कुणी म्हणेल बाईनं कुंडीत आलं खोचून ठेवलंय. पण ऑर्किड आहेत ती, पक्की ऑर्किड, कॅटासीटम म्हणतात, थंडी पडली की सगळी पानं टाकून देतात आणि ताणून देतात ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर उठतात. हे मोठे ते सुभेदारसाहेब. मधला हवालदार. आणि हा टिचभर आहे तो रंगरूट — त्याला अजून फूल आलेलं नाही, आणि फूल आल्याशिवाय आमच्याकडे बढती नाही. पाणी घे ना, पेला भरलेला तसाच ठेवलायस. एवढ्या धुक्यातून मोहालीहून आलीस. थांब, पोह्यांवर लिंबू राहिलं, आणते — उठू नकोस, तू त्यांच्याशी ओळख करून घे.

— ऐकू येतंय ना गं आतून? पोहे केलेत म्हणजे बघण्याचा कार्यक्रम आहे असं समजू नकोस हं! ते सगळं त्या कॅप्टन अंशुमननं पसरवलंय, की नयना मॅडम झाडं द्यायच्या आधी मुलाखत घेतात. मी कसली मुलाखत घेते? आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर स्पष्ट लिहिलं होतं — बिकानेरला बदली झाली, सोमवारी ट्रक येतोय, तीन ऑर्किड द्यायची आहेत, चांगलं घर हवं. एवढंच. आता चांगलं घर म्हटलं की चार प्रश्न विचारावेच लागतात, हो की नाही? ही सुरी कुठं गेली — सगळं खोक्यांत भरून बसलेय, लिंबू आता काय दातानं कापू? — मिळाली. हं, घे. पिळ तू तुला हवं तेवढं. अरे वा, पेला रिकामा! शाब्बास. मला पाणी संपवणारी माणसं आवडतात. काय? बोल ना — की आधी खा, गार होतील. मी बोलते तोवर.

तर सर्वेशराव तुझे आयटीत, घरून काम, म्हणजे दिवसभर घरात माणूस आहे. छान. बाल्कनी पूर्वेची. उत्तम. मांजर नाही. कितवा मजला, नववा? वारा खेळता राहील. सासू-सासरे नागपूरला, म्हणजे मध्येच येऊन कुणी कुंडीत हात घालणार नाही — नाही गं, वाईट अर्थानं नाही म्हणत. मणिमाजऱ्याच्या सुशीलाताई आल्या होत्या, किती गोड बाई, मला म्हणाल्या, मी रोज सकाळी देवाला आंघोळ घालते ना, तेच दोन थेंब ह्यांनाही घालीन, प्रेमानं. प्रेमानं! अंगावर काटा आला माझ्या. त्यांना पोहे खाऊ घातले आणि हात जोडले. मग अंशुमन. तो म्हणाला, मॅडम, मी काहीच करणार नाही, मला आठवणारच नाही. मी म्हटलं, बाळा, तू एकदम बरोबर माणूस आहेस — पण फक्त थंडीपुरता. पुढं काय? मे महिन्यात रोज प्यायला लागतं ह्यांना, खतबित सगळं, आणि ह्याच्या फ्रिजमध्ये मी पाहिलंय, एक टोमॅटो आहे, त्यालाच मोड आलेत. नाही जमलं. असा माणूस हवा जो हिवाळाभर विसरेल आणि उन्हाळाभर आठवेल. कुठं मिळतो सांग? मिळाला असता तर लग्नच केलं असतं मी त्याच्याशी.

म्हणून तुला एकच नियम सांगते आणि तो नीट ऐक, कारण बाकी सगळं माफ आहे — झोपेत पाणी नाही. एक थेंब नाही. सुरकुत्या पडल्या, दया आली, रडू आलं, तरी नाही. त्या कांद्यांत त्यांची शिदोरी भरलेली असते, तीच खातात, तीच पितात. खालून कोंब आला तरी लगेच नाही! कोंब आला की आपल्याला वाटतं जागे झाले, चला पाणी पाजू — आणि तिथंच घात होतो. कोंब वीतभर होऊ दे, त्याची मुळं बोटभर उतरू देत, मग पहिलं पाणी. आणि कुंडी बदलायची ती कोंबाचं नुसतं नाक दिसलं की — जुनं मॉस, म्हणजे मातीऐवजी भरतात ते वाळकं शेवाळ, काढून टाकायचं, मेलेली मुळं कापायची, नवं मॉस भरायचं आणि ते कोरडंच! आपल्याला सवय असते तुळशीची, गुलाबाची, कुंडी बदलली की तांब्या ओता. इथे ओतलंस की आठवड्यात कांदा आतून लिबलिबीत. असा चेहरा का केलास? मिरची लागली? काढून ठेव ना बाजूला. बोलायचंय का काही? — हो हो, बोल, पण आधी माझं होऊ दे, नाहीतर मी विसरेन.

गोळीचं सांगायचं राहिलं. सुभेदारसाहेब गोळी मारतात. हसू नकोस, खरंच! फुलात आत दोन मिशा असतात, माशी येऊन त्यांना चिकटली की फाट्कन पराग उडतो आणि तिच्या पाठीवर जाऊन बसतो, गोंद लावल्यासारखा. गेल्या पावसाळ्यात विश्राम — म्हणजे आमचे कर्नलसाहेब — चष्मा काढून वास घ्यायला वाकला आणि बसली ना नाकाच्या शेंड्यावर! पिवळाधम्मक ठिपका, घासला तरी जाईना, आणि संध्याकाळी मेसमध्ये डिनर. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याला लागलेली ही एकच गोळी. तेव्हापासून तो त्यांना घाबरूनच आहे. पण आत्ताचं कारण ते नाही हं. मागच्या बदलीत, जबलपूरहून येताना, ट्रकमध्ये एक कुंडी त्याच्या काळ्या ट्रंकेवर उलटली, आत त्याचा समारंभाचा युनिफॉर्म, सगळीकडे ओलं मॉस आणि कोळसा. तेव्हा त्यानं जाहीर केलं, ‘नयना, ह्यापुढे ट्रकमध्ये मला एकही कुंडी दिसता कामा नये.’ एकही कुंडी. तो एकदा म्हणाला की म्हणाला यार, मग आर्मी चीफ आले तरी बदलत नाही. बरं, बिकानेरचं त्याचं म्हणणं की तिथं उंट सुकतात, तुझे कांदे कसे जगतील. ते मात्र त्याला कळत नाही — कूलरच्या ओल्या वाऱ्यात ह्यांना उलट स्वर्ग वाटेल. पण जाऊ दे. द्यायचं ठरलंय म्हणजे ठरलंय. मी काही चिकटून बसणाऱ्यांतली नाही.

जबलपूरला तर एक दिलंही होतं मी. सुनेत्राला. चांगली मैत्रीण, पण नंतर कशी वागली बघ. मी आपला दिवसातून एकदा फोन करायची, कसा आहे म्हणून — बरं, कधी दोनदा. कधी व्हिडिओ कॉल, कारण सांगण्यावर काय भरवसा? तर बाई फोनच उचलेना! मला ब्लॉक केलं असं विश्राम म्हणतो, मी म्हणते तिथं रेंज नसेल. शेवटी एका लग्नाचं निमित्त काढलं, लग्न कुणाचं ते आता आठवत नाही, होतं की नव्हतं तेही आठवत नाही, आणि भर पावसाळ्यात, पानंबिनं सगळ्यासकट, कुंडी मांडीवर घेऊन परत आले. हा हवालदार तोच. अख्ख्या प्रवासात शेजारचे सरदारजी त्या पानांतून माझ्याशी बोलत होते. तुझ्या बाबतीत तसं नाही करणार हं. तुला फक्त सकाळी एक फोन. तू उचलतेस ना फोन? इरा नाही उचलत. बंगलोरला असते ना, नोकरीला लागलीय, बारा वाजेपर्यंत झोपते सुट्टीच्या दिवशी. मी फोन केला की मी मराठीत आणि ती हिंदीत, लहानपणापासून तसंच — परवा म्हणते, ‘मम्मा, मुझे भी थोड़ा सूखा रहने दो ना.’ आता ह्याला काय म्हणायचं? मी हसले तेव्हा. फोन ठेवल्यावर नाही हसले.

ते टपटप काय वाजतंय? नळ? नाही, इथंच. कुठं गं... सुभेदारसाहेबांच्या खालून येतंय. पाणी? कुंडीतून पाणी कसं — यामिनी. तो पेला. तू प्यायली नव्हतीस? ...नाही, थांब, रडू नकोस, मी ओरडत नाहीये, हा माझा नेहमीचा आवाज आहे. दोन घोट घेऊन उरलेलं झाडाला घातलंस. वाया जाऊ नये म्हणून. अगं पण — मघापासून सांगायचा प्रयत्न करत होतीस? मग सांगायचं ना! मी बोलू दिलं नाही? मी? बरं. बरं, असेल.

तुला तरी काय बोलू. माझ्या सासूबाई आटपाडीच्या, दुष्काळातल्या. पेल्यातलं पाणी मोरीत ओतलं तर त्या दिवसभर तोंड फिरवून बसायच्या. उरलं की तुळशीला, हे माझ्या हाताला इतकं लागलंय की पाहुणे गेले की मीही पेले गोळा करून कढीपत्त्याला घालते. चांगल्या घरची आहेस म्हणून घातलंस. पण आता सुभेदारसाहेबांना बाहेर काढायला हवं, आत्ताच्या आत्ता, सर बाजूला. तो पेपर दे. अजून एक दे. हे असं कुंडी दाबायची, उलटी करायची, आणि — हं, आले. ओलं मॉस सगळं काढ, घाबरू नकोस, तुटत नाहीत ते. मुळं बघ, वाळकी गेलेलीच आहेत, ही कापायचीच होती. आता पुसायचं, आणि कोरड्या कागदात गुंडाळून ठेवायचं. कोंब येईपर्यंत कुंडी नसली तरी चालतं ह्यांना, माती नको, पाणी नको, ऊन नको, काही म्हणजे काही —

यामिनी. हे बघ. केवढेसे झाले. पर्समध्ये मावतायत माझ्या.

सुभेदारसाहेब, हवालदार, रंगरूट, तिघंही. चष्म्याच्या घराशेजारी. कुंडी नको म्हणाला विश्राम. कुंडी! कांद्यांचं नाव तरी काढलं का त्यानं? नाही काढलं. दे, हवालदारालाही उलटा करू, धर तू खालून... आणि तुला खरं सांगू? तू पास होत होतीस गं. पूर्वेची बाल्कनी काय, घरात माणूस काय, एकेक जमत चाललं, म्हणून तर मी एवढी बोलत सुटले. मला द्यायचीच नव्हती. कुणालाच नव्हती. घर चार वेळा बांधलं, चार वेळा सोडलं, इराही गेली, आणि दर वर्षी ही मेल्यासारखी पडलेली पोरं उन्हाळ्यात उठून बसतात ना, ते बघितल्याशिवाय मला नव्या गावात करमतच नाही.

बरं, झाले ना तुझे पोहे? मग निघ आता. नाही, तसं नाही गं, पण मला पर्स रिकामी करायचीय, आणि विश्राम यायच्या आत ह्या तीन कुंड्या घरातून गेल्या पाहिजेत. तूच घेऊन जा. हो, रिकाम्या. पिशवी आणलीस ना? मग भर. उरलेले पोहे डब्यात देते, डबा परत करायला येऊ नकोस, आम्ही नसू. आणि कुंड्यांत काय लावू म्हणून तोंड पाडू नकोस — कोथिंबीर लाव. तिला घाल हवं तेवढं पाणी.