डब्याची शेवटची चुगली

...आणि वर खल्दून मलाच विचारतो, बाबा, तुम्हाला त्या डब्याचा त्रास काय होता? त्रास? अहो, पोटच्या पोराने बापाला अमेरिकेतून आलेली जुनी गाडी भेट द्यायची, आणि तिच्या पुढच्या कप्प्यामागे लपलेला डबा बाप कुठे वळला, किती जोरात गेला, दार कधी उघडलं, सगळं कुवेतला त्याच्या मोबाइलवर पोचवणार! तुम्हाला सांगतो, माझ्या बायकोला चाळीस वर्षांत जमलं नाही ते त्याने महिन्यात केलं. मी काही बोललो? नाही. डबा बोलला.

आता लपवायचं ते काय? दर गुरुवारी मी अम्मानहून झरकाला जायचो, रसमियाकडे. रसमिया म्हणजे सख्खी धाकटी बहीण हो! पण आठ वर्षांपूर्वी तिने वडिलांच्या जैतूनच्या बागेतला आपला वाटा मागितला... आमच्यात बहिणीने तो भावांसाठी हसत सोडायचा असतो. साऱ्या खानदानाने तिच्याशी संबंध तोडले, आणि तसं लिहिलेल्या कागदावर थोरला म्हणून पहिली सही कोणाची? माझी. म्हणून चोरून जायचो. खल्दूनचा फोन: बाबा, झरकाला काय आहे? म्हटलं, टायर स्वस्त मिळतात. चार गुरुवार टायर!

शेवटी रसमियाचा नायेफ, तो गाड्यांचं वायरिंग करतो, म्हणाला, "मामा, आणा इकडे, दहा मिनिटांत मुका करतो." मोबाइल मुद्दाम घरी ठेवला, तोही चुगलखोरच, आणि तिच्या मागच्या अंगणात गाडी लावली. नायेफने कप्पा खोलला, वायरी उपटल्या, डबा हातात आला... आणि दिवा चालूच! मेल्याच्या पोटात स्वतःची बॅटरी! वायर तुटली म्हणजे गाडीचा चेंदामेंदा झाला असं त्याने आपलं ठरवलं, आणि मरता मरता कुवेतला कळवलं: भीषण अपघात, झरका, अमुक गल्ली, अमुक घर. मी काही बोललो? डबा बोलला.

खल्दूनने मला फोन लावला, उचलणार कोण? मग लावला माझ्या चुलतभावाला, हाजी फलाहला. अपघात कोणाच्या तरी घरापाशी, म्हणजे मी त्या घरातल्या कोणाला तरी उडवलं, असं दोघांनी धरूनच टाकलं. आता आमच्याकडे गाडीने कोणाला उडवलं की घरची वडीलधारी मंडळी काळे झगे चढवून तडक समोरच्याच्या दारात माफीला उभी राहतात. चौदा जण आले! नकाशातल्या ठिपक्यावरचं दार ठोठावलं. तिचं घर यांतल्या कुणी आठ वर्षांत बघितलंय? फलाहची मान खाली, तोंडात पाठ केलेलं: "अपराध आमचा. तुमचा जो हक्क असेल तो द्यायला आलोय."

दार रसमियाने उघडलं होतं.

तिने एकेकाचं तोंड बघून घेतलं. "उशीर केलात," म्हणाली, "या, बसा."

मी मागून आत आलो, हातात डबा. मला धडधाकट बघून आनंद व्हावा की नाही? एकाला नाही! फलाह पुटपुटायला लागला, ते शब्द दुसऱ्यांसाठी होते, चूक झाली... पण चौदा साक्षीदारांपुढे दिलेला शब्द, गिळणार कसा? रसमियाने सगळ्यांच्या हातात कॉफी दिली. "वाटा देत असाल तर प्या. नाहीतर कप ठेवा आणि निघा."

कप गुडघ्यांवर. कोणी हलेना. पहिला घोट थोरल्याने घ्यायचा, तो प्याला की साऱ्या खानदानाचा होकार, म्हणजे परत मीच! फलाहच्या चालूच राहिलेल्या मोबाइलमधून खल्दून म्हणतोय, "बाबा, पिऊ नका." रसमिया माझ्याकडे बघत नव्हती. किटलीची मूठ पुसत होती, पुसलेलीच...

प्यालो. कडू होती हो.

आज बारा दिवस झाले. डब्याचा त्रास काय एवढं त्या रात्री विचारून ठेवला, त्यानंतर खल्दूनचा फोन नाही, फलाह मशिदीत मला बघून दुसऱ्या रांगेत सरकतो, बाकीचे सलामाला मान वळवतात. डबा काढला होता तो जरा शांतता मिळावी म्हणूनच ना... घ्या, मिळाली!