गेल्या सोमवारचाच आकडा

—बूट काढ आधी, पिशवी खाली ठेव. आणि हसू नकोस. बुना नदीच्या पुलापाशी एक म्हातारा वजनकाटा मांडून बसतो, त्याला काय कळतं — असंच ना? शाळा नाही झाली माझी, पण आकडा वाचता येतो. आठवा महिना लागला ना? मग तर हलूच नकोस.

लोक सांगतील, या झेफचा, माझा, काटा खोटा होता म्हणून. सांगू देत. ती म्रिका, समोरच्या दुकानात बुरेक विकायची, खिमा भरलेले ते गरम पापुद्रे — पहिलटकरीण होती, दर सोमवारी तू उभी आहेस तिथंच उभी राहायची. सुईणीनं बजावलेलं, रक्तदाब चढतोय, घरी काटा नाही तर बाजारात कर पण आठवड्याला वजन कर, एकदम वाढलं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठ. मला काय माहीत हे? — म्हणजे, सांगितलं होतं तिनं. हसत सांगितलं होतं. आता बाईमाणसाला आकडा जरा कमी सांगितला की खूश होते, पुन्हा येते, तीस वर्षं तेच करत आलो मी. त्या सोमवारी काटा चार किलोनं पुढं. तोंड सुजलेलं, डोकं ठणकतंय म्हणाली, डोळ्यांपुढं काजवे चमकतात म्हणाली. म्हटलं, आधीच बिचारी दमलीय, आणखी कशाला घाबरवा — गेल्या सोमवारचाच आकडा सांगितला.

“मग भ्यायचं कारण नाही ना, झेफकाका?”

नाही म्हटलं मी. बुधवारी दुकानातच झटके आले तिला. पोर वाचली, ती नाही. नवरा आला, काटा उचलून दगडावर आपटला, खोटा काटा ठेवतोस म्हणाला. आणि मी — हो म्हटलं. खोटाच होता म्हटलं. काटा बरोबर होता, पोरी. हे मी कुणालाच... जाऊ दे. हा नवा आहे. परवा तिची पोर चढली याच्यावर, एकोणीस किलो — तीनदा वाचला, मग सांगितला.

माझ्याकडं काय बघतेस, खाली बघ. गेल्या सोमवारी इथंच एकाहत्तर भरलीस. आज पंच्याहत्तर. अंगठी रुतलीय बोटात, दिसत नाही तुला? डोकं दुखतंय का? — मान हलवू नकोस नुसती. कधीपासून?

नाणं तुझ्याकडंच ठेव, बसला लागेल. आत्ता, घरी न जाता, थेट इस्पितळ. बूट चढत नसतील तर हातात घे. उतर म्हटलं ना.