बाईसाहेबांच्या पायांविषयी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आपल्या अश्वारोहण शाळेचे आजी-माजी प्रशिक्षक, तबेल्यातले सहकारी, पहिल्या रांगेत बसलेल्या मामी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपणा सर्वांचे मामा,

पशुवैद्याच्या हाती माइक देण्याचा धोका अध्यक्षांनी पत्करला, त्यांचा आभारी आहे. माझे पेशंट कंटाळले की लाथ मारतात. आपण सभ्य माणसं आहात, फार तर टाळ्या वाजवाल.

आत्ता सूत्रसंचालन करणाऱ्या ताई म्हणाल्या की मामांनी चाळीस वर्षं मोतद्दार म्हणून घोड्यांची सेवा केली. ताई, राग मानू नका, चौतीस. शेवटची सहा वर्षं मामा चाऱ्याच्या गोदामात पोती रचत होते. का, ते इथे पुष्कळांना ठाऊक आहे. पण जे ठाऊक आहे ते खोटं आहे, आणि ते मी लिहिलेलं आहे.

ओलीत फार वावरलं की आपल्या पायांच्या बोटांत चिखल्या होतात ना? घोड्यालाही तसंच काहीसं होतं. खुराच्या वरची कातडी भिजून मऊ पडते, चिरते, जंतू आत शिरतात, खपल्या धरतात. आम्ही त्याला मड फीव्हर म्हणतो. पांढऱ्या पायांच्या घोड्यांना हा त्रास अधिक. आपल्याकडे अशी एक घोडी होती, चारही पाय पांढरेशुभ्र. तिचा तोरा असा, की मामांनी तिचं नाव बाईसाहेब ठेवलं होतं.

सहा वर्षांपूर्वी पाहणीसाठी समिती यायची होती. मैदानाच्या फाटकाशी घोटाभर चिखल. मी नवा, हुशार, आणि हुशारीचं मला फार कौतुक. फर्मान काढलं: रपेट झाली की लगेच पाइपने पाय धुवायचे आणि स्वच्छ पट्ट्या बांधायच्या. मामा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, चिखल वाळू द्या की. वाळला म्हणजे ब्रशने आपसूक पडतो. आणि धुवायचेच असतील तर आधी पुरते कोरडे करू. ओल्या पायावर पट्टी म्हणजे दिवसभर ओली चड्डी घालून बसणं."

सगळे हसले. मला ते झोंबलं. मोतद्दाराने मला शिकवावं? तरी मामा रोज घरचा टॉवेल आणून तिचे पाय टिपत बसायचे. चौथ्या दिवशी मी त्यांना सगळ्यांदेखत झापलं, "वेळ घालवू नका, बांधा पट्ट्या!" मामांनी बांधल्या.

समिती येऊन गेली, शुभ्र पट्ट्यांचं कौतुक झालं. दोन दिवसांनी पट्ट्या सोडल्या तर खाली खपल्याच खपल्या. तेव्हा तरी शहाणं व्हावं! केस कापून, कोमट औषधी पाण्याने खपल्या भिजवून, आपण होऊन सुटतील तेवढ्याच काढायच्या, पाय कोरडा करायचा, मलम लावून कोरड्या ठाणात ठेवायचं, हे कोणताही विद्यार्थी सांगेल. मी घाईने वाळक्या खपल्याच ओरबाडल्या. जखमा उघड्या पडल्या, सूज गुडघ्यापर्यंत चढली, जंतू सांध्यात गेले. शेवटी तिला कायमचं झोपवावं लागलं. ती सुई मीच दिली.

अहवालात मी लिहिलं, "मोतद्दाराचा निष्काळजीपणा." त्या एका ओळीवर मामा गोदामात गेले. मी रोज त्यांच्यासमोरून जात होतो आणि नमस्कारही घेत होतो. लाज वाटायची. पण नोकरी जाईल ही भीती त्याहून मोठी होती.

गेल्या आठवड्यात दुरुस्त केलेला अहवाल सही करून मामांच्या घरी नेला. त्याची प्रत आज अध्यक्षांकडेही दिली आहे. त्यावर माझं जे व्हायचं ते होवो. मामांनी कागद शांतपणे वाचला, घडी घातली आणि परत माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "कागदाचं राहू द्या. घोडी आजारी पडल्यावर तुम्ही मला तबेल्यात यायची बंदी केलीत. ती माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खायची नाही. शेवटचे पाच दिवस तिला भरवलं कुणी?"

मामींनी आणलेला चहा तसाच टाकून उठलो. पण मामा, तुमचा प्रश्न उत्तराविना ठेवून तुम्हाला निरोप देता येणार नाही. कुणीच नाही, मामा. बादली भरून ठेवायचो, ती तशीच उचलायचो. कुणी तबेल्यात पाऊल टाकलं की मान वर करून दाराकडे बघायची, आणि तुम्ही नाहीत असं दिसलं की पुन्हा भिंतीकडे तोंड करायची.

अध्यक्ष महोदय, बोलू दिलंत, ऋणी आहे. वेळ जास्त घेतला, समारंभाला न शोभणारं बोललो, ते सभागृहाने पोटात घालावं. मामांनीही पोटात घालावं, असं मात्र मी म्हणणार नाही.